मातीचा बांध आणि मालकीचा प्रश्न

(बंगळूर येथे मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या विषयापुढे माझे नाव पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. मी अभियंता नाही, शेतकरी आघाडीवर काम केल्याचा दावाही करू शकत नाही. पक्षाचा इंग्रजी व कन्नड मजकूर मराठीत आणणे एवढेच माझे काम. परंतु हा विषय माझ्याकडे आला तो एका शब्दाच्या अडचणीतूनच. कर्नाटकातील सिंचनावरील एका टिपणात 'खाजगी मालकीचे छोटे मातीचे धरण' असा शब्दप्रयोग आला आणि माझी लेखणी 'खाजगी' या शब्दापाशी अडली. हा बांध ज्यांनी घातला ते कोण, त्याची डागडुजी करतात ते कोण, त्याचे पाणी ज्यांच्या शेतात जाते ते कोण आणि तो फुटला तर ज्यांची घरे वाहून जातील ते कोण, असे प्रश्न मी स्वतःला विचारीत गेले, तेव्हा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर निराळे निघाले. आणि कागदावर ज्याचे नाव मालक म्हणून होते, त्याचा यांपैकी एकाच उत्तरात समावेश होत होता. मग 'खाजगी' या एका विशेषणाने नेमके काय सांगितले जाते आणि काय झाकले जाते, हे पाहणे आवश्यक वाटले.

प्रथम ती वस्तू काय आहे ते पाहू. उताराच्या जमिनीवर ओढ्याच्या आडवा मातीचा लांबट बांध घालावयाचा, पाण्याकडील अंगाला दगडांचे अस्तर द्यावयाचे, बांधाच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी मोरी ठेवावयाची आणि एका टोकाला, बांधाच्या माथ्याहून खालच्या पातळीवर, जादा पाणी जाण्यासाठी सांडवा ठेवावयाचा. कन्नडमध्ये तलाव म्हणजे केरे, बांध म्हणजे एरि, मोरी म्हणजे तूबु, सांडवा म्हणजे कोडि आणि भिजणारे क्षेत्र म्हणजे अच्चुकट्टु. या पाच शब्दांत हे सारे शास्त्र आले. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले तरी ते टिकून राहू शकते; मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो काही घटकांत कापला जातो. म्हणून कोडि तुंबणे म्हणजे बांधाचा मृत्यू. दुसरा धोका पोटातील. प्रत्येक मातीचा बांध थोडाफार पाझरतो. पायथ्याशी निघणारे पाणी स्वच्छ असेल तर काळजीचे कारण नसते, ते गढूळ येऊ लागले की समजावे, आतून माती वाहून जात आहे. घुशीचे बीळ, बांधावर वाढू दिलेल्या झाडाचे कुजलेले मूळ, मोरीच्या चिऱ्यांतील एखादी फट, एवढे निमित्त पुरते. थोडक्यात, हा बांध एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. दरवर्षी त्याच्यावर श्रम खर्ची पडले तरच तो बांध राहतो. मालकीच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे.

आपण ज्या शहरात बसलो आहोत ते शहरच अशा बांधांच्या आधारावर उभे राहिले. बंगळुराजवळून मोठी नदी वाहत नाही. शहर सुमारे ९०० मीटर उंचीच्या पठाराच्या कण्यावर वसलेले असून तेथून हेब्बाळ, कोरमंगल-चल्लघट्ट आणि वृषभावती अशी तीन खोरी निघतात. या खोऱ्यांत एकाच्या सांडव्याचे पाणी दुसऱ्याच्या पोटात जाईल अशा रीतीने तलावांच्या माळा ओवलेल्या होत्या. आगर येथील नवव्या शतकातील शिलालेखात तलावाला तूबु बसविल्याची नोंद आहे. म्हणजे केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास पेठ वसवली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही कारागिरी येथे चालू होती. आपल्या मराठी माणसांना शहाजीराजांची जहागीर म्हणून बंगळूर ठाऊक असते. १६३८ पासून ती भोसल्यांकडे होती. पुढे १६८७ साली व्यंकोजीराजांनी ती विकावयास काढली; व्यवहार पुरा होण्याआधीच मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाने ३ लाख रुपये मोजून ते आपलेसे केले. तलाव, बांध, भिजणारी शेते आणि ती कसणारी माणसे यांची किंमत त्या तीन लाखांतच धरलेली होती. ज्यांनी माती वाहिली त्यांना या व्यवहाराची कुणी खबर दिली असेल असे मानण्यास आधार नाही.

आता 'कोडगि' या शब्दाकडे वळते. जुन्या म्हैसूर राज्यात जो कोणी तलाव बांधील वा फुटलेला बांध दुरुस्त करील त्याला त्या तलावाखालील काही जमीन सारामाफीने देत. ती कोडगि जमीन. त्याहूनही जुन्या शिलालेखांत 'बिट्टुवट्ट' नावाने अशाच देणग्या आढळतात. राज्यसत्तेच्या दृष्टीने ही सोयीची व्यवस्था होती. खजिन्यातून रोख रक्कम न काढता सिंचन वाढे आणि ओलिताखालील जमिनीचा वाढीव सारा राज्याला मिळे. परंतु लक्षात घ्या, कोडगिदाराला मिळत होती ती जमीन, तलाव नव्हे. जमीन त्याच्याकडे राहण्याची अट ही की बांध शाबूत राहिला पाहिजे. हक्क कर्तव्याला बांधलेला होता. अर्थात यात भोळेपणाने रमून जाण्याचे कारण नाही. कोडगिदार गावातील वरच्या थरातील असे आणि प्रत्यक्ष बांधावर राबत असे तो नीरगंटि. तूबु केव्हा उघडावयाचा, कोणत्या वाफ्यात किती वेळ पाणी सोडावयाचे, हे रात्रंदिवस पाहणारा हा पाणके बहुधा दलित जातीतील असे. पाणीवाटपात तटस्थ राहील असा माणूस हवा, म्हणून ज्याच्याकडे शेती नाही त्याला नेमले, असे समर्थन केले जाते. म्हणजे भूमिहीनता हीच त्याच्या नोकरीची पात्रता! तलावाचे सर्वाधिक ज्ञान ज्याच्यापाशी, त्याचा त्या पाण्यावर हक्क नाही. पूर्वीच्या सुसंवादी ग्रामजीवनाची गोडवी गाणाऱ्या आपल्या काही पर्यावरणवादी मित्रांना नीरगंटिचा हा प्रश्न मी नेहमी विचारते. समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

कन्नड लोकसाहित्यात 'केरेगे हार' नावाची एक कथा-गीत परंपरेने चालत आलेली आहे. गावचा गौड तलाव खोदतो, पाणी लागत नाही. ज्योतिषी बळी मागतो, आणि घरातील सर्वांत धाकटी सून भागीरथी हिला तलावात अर्पण केले जाते. तलाव गौडाच्या नावाचा, पुण्य गौडाचे, आणि देह परक्या घरून आलेल्या मुलीचा. महाराष्ट्रातही विहिरी-तळ्यांच्या अशा कथा घरोघरी सांगितल्या जातात, तेव्हा ही काही कर्नाटकाची विशेषता नव्हे. लोकपरंपरेला खर्च कोणी सोसला याचे विस्मरण झालेले नाही, एवढाच मुद्दा.

आता विदर्भाकडे येऊ, कारण 'खाजगी मातीचे धरण' हा शब्दप्रयोग मराठी मुलखात जर कुठे शब्दशः लागू पडत असेल तर तो भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत. तेथे भातशेतीसाठी बांधलेले सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. त्यांपैकी बरेच गोंड राजांच्या काळातील असून ते बांधण्याचे कौशल्य विशेषतः कोहळी समाजाचे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीस कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. जितकी जमीन तलावाखाली भिजेल तितकी बांधणाऱ्यास द्यावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा शिरस्ता होता असे सांगतात. कोडगिचीच ही सख्खी बहीण म्हणावी. मग यांना 'मालगुजारी' हे नाव कसे पडले? मालगुजार म्हणजे सारा वसूल करून भरणारा. इंग्रजांनी १८६० नंतरच्या दशकात मध्यप्रांताची जमाबंदी केली, तेव्हा या वसुली करणाऱ्यांनाच गावांचे मालक ठरविले. लेखणीच्या एका फटकाऱ्याने, मागील दीडशे वर्षांत ज्यांनी बांध घातले त्यांचे तलाव मालगुजाराच्या मालमत्तेत जमा झाले. खाजगी मालकी येथे श्रमातून उद्भवली नाही, वसुलीच्या वहीतून उद्भवली. मात्र गावकऱ्यांचे वापराचे हक्क साफ पुसून टाकणे इंग्रजांनाही जमले नाही. 'वाजिब-उल-अर्ज' या गावदप्तरात कोणाच्या शेताला कोणत्या तलावाचे पाणी मिळते, कोणी किती काम करावयाचे, याच्या नोंदी राहिल्या. निस्ताराचे हक्क राहिले. ही दप्तरे आजही उपयोगी आहेत. त्याविषयी पुढे बोलेन.

मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात हिंदुस्थानावर जे लेख लिहिले त्यांतील सार्वजनिक बांधकामांविषयीचे विवेचन आपल्या वर्गात वारंवार वाचले जाते. आशियाई राज्यसत्तेची तीन खाती त्याने सांगितली, लूट घरची, लूट बाहेरची आणि सिंचनादी सार्वजनिक कामे. आणि इंग्रजांनी पहिली दोन उचलली व तिसऱ्याकडे पाठ फिरवली, असा त्याचा आरोप. हा आरोप म्हैसूरलाही लागू पडतो. १८३१ नंतरच्या कमिशनरांच्या अमदानीत तलावांची जबाबदारी खात्यांकडे सरकत गेली, गावाची यंत्रणा मोडत गेली आणि पर्याय पुरेसा उभा राहिला नाही. पण त्याच विवेचनातील दुसऱ्या एका भागापाशी थांबले पाहिजे. सिंचनाला केंद्रीय सत्तेचा हस्तक्षेप अपरिहार्य होता असे तेथे सुचविलेले आहे. ते नाईल वा सिंधूच्या खोऱ्यासाठी असेल. दख्खनच्या पठारावरील हजारो छोटे तलाव मात्र मुख्यतः स्थानिक सत्ताधारी, देवस्थाने आणि गावे यांनी उभारले. कर्नल सँकी या इंग्रज अभियंत्याने १८६६ च्या सुमारास म्हैसूरची पाहणी करून नोंदविले की येथे तलाव इतके दाट आहेत की नव्या तलावासाठी जागा शोधणे हीच कसोटी ठरेल. हा अनुभव मार्क्सपुढे नव्हता. आपल्यापुढे आहे, तेव्हा आपण त्याचा विचार केला पाहिजे. मार्क्सची पद्धत त्यामुळे खोटी ठरत नाही.

आता एका खटल्याचा उल्लेख करते. अनुवादाच्या निमित्ताने तो हाती आला आणि अनेक दिवस डोक्यातून गेला नाही. मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटनगरचा जमीनदार. हे संस्थान येथून फार दूर नाही, आजच्या आंध्र प्रदेशात येते. जमीनदाराच्या मुलखातील तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचे बांधकाम वाहून गेले. कंपनीने नुकसानभरपाई मागितली. तिच्या हातात इंग्लंडमधील ताजे हत्यार होते. १८६८ साली रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात लॉर्ड्सच्या सभागृहाने ठरविले होते की ज्याने आपल्या जमिनीवर पाणी साठविले आणि ते निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले, त्याचा दोष असो वा नसो, भरपाई त्यानेच द्यावी. तेथे पाणी होते एका गिरणीमालकाचे आणि बुडाली होती दुसऱ्याची कोळशाची खाण. भांडवलदारांचे आपसातील प्रकरण. कार्वेटनगरच्या खटल्यात १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने हा नियम लावण्यास नकार दिला. कारण काय दिले? हे तलाव पुरातन आहेत, लोकांच्या निर्वाहासाठी आवश्यक आहेत, जमीनदाराने ते आपल्या लाभासाठी नव्याने आणलेले नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते मोडून टाकण्याचा त्याला अधिकार नाही. ते राखणे हे त्याचे कर्तव्य आहे.

निकालाचा तात्कालिक लाभ जमीनदाराला झाला हे उघड आहे. परंतु तर्क पाहा. ज्या वस्तूचा नाश करण्याचा अधिकार मालकाला नाही, जी राखण्यास तो बांधलेला आहे, ती वस्तू भांडवली अर्थाने त्याची खाजगी मालमत्ता उरत नाही. साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनाने हे मान्य केले आणि ते आपल्या कामाचे आहे.

स्वातंत्र्यानंतर काय झाले? मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० साली झाला व ३१ मार्च १९५१ पासून अंमलात आला. मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले. मात्र मालगुजाराच्या स्वतःच्या कब्जातील जमिनीवरील तलाव त्याच्याकडेच राहिले. म्हैसूरमध्ये १९५४ व १९५५ च्या कायद्यांनी इनामे गेली. सरंजामी बंधने तोडणारी ही पावले होती, त्यासाठी लढलेल्यांमध्ये आपले लोक होते, आणि त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचा माझा उद्देश नाही. पण तलावाच्या बाबतीत एक गोष्ट घडली जिचा विचार आपण त्या वेळी केला नाही. हक्क गेला आणि त्याच्याबरोबर त्याला बांधलेले कर्तव्यही गेले. मालगुजार बांधाकडे पाहीनासा झाला कारण तो त्याचा राहिला नव्हता. गावकरी पाहीनासे झाले कारण तो सरकारचा झाला होता. आणि सरकारपाशी इतक्या बांधांसाठी ना माणसे होती ना पैसा. विदर्भात पाणीपट्टीवरून तंटे झाले. आमच्या दप्तरात पाण्याचा हक्क नोंदलेला असता पट्टी कसली, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. गाळ साचला, बेशरमाच्या झुडपांनी पोटे भरून गेली. आज भंडाऱ्याकडे 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचा संक्षेप करून त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. सरकारी कागदावरसुद्धा ते मामाच राहिले. घरचे कधी झाले नाहीत.

बंगळुरात तर तलावाखालची शेतीच नाहीशी झाली. धर्मांबुधीच्या जागी आज मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडागार, कोरमंगलच्या तलावावर १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी वसाहत. जे तलाव उरले त्यांचे स्वरूप आतून पालटले. पूर्वी उन्हाळ्यात तलाव आटत असे; तेव्हा गाळ काढता येई, बांधाचे अस्तर तपासता येई, मोरी दुरुस्त होई. आता बारमाही सांडपाणी येते, तलाव कधी आटत नाही, अच्चुकट्टुवर घरे झाल्याने तूबु बंद केलेला आहे आणि कित्येक ठिकाणी कोडिच्या वाटेवर इमारती आहेत. म्हणजे जो बांध वर्षातून काही महिने पाणी अडविण्यासाठी बांधला होता तो बारा महिने, देखभालीवाचून, भरल्या पोटाने उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरून डांबरी रस्ता जातो. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी हुळिमावू तलावाचा बांध फुटला आणि शेकडो घरांत पाणी शिरले. त्याच महिन्यात होसकेरेहळ्ळीचा बांधही फुटला होता. हुळिमावूत बांधावर खोदकाम झाले होते असे सांगण्यात आले. ते कोणी केले, कोणाच्या परवानगीने, यावर यंत्रणांमध्ये वाद झाला. तलाव सर्वांचा होता, म्हणून जबाबदार कोणीच नव्हते. सप्टेंबर २०२२ च्या पुरात महादेवपुर भागातील आलिशान वसाहतींत बोटी फिरल्या तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली. त्याच पाण्यात बुडालेल्या स्थलांतरित बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची छायाचित्रे फार थोडी छापली गेली.

महाराष्ट्रातील उदाहरण तर आपण विसरलेले नसाल. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले, वीसच्या आसपास माणसे दगावली, आणि मंत्रिमहोदयांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण पुढे केले! घुशी-खेकडे बांधात बिळे करतात ही गोष्ट नीरगंटिला ठाऊक असे, आणि ती बुजविणे हे त्याचे काम असे.

तेव्हा सरकारी मालकीनेही बांध राखला जात नाही, असे म्हणून भांडवलदार वर्गाचे प्रवक्ते पुढचा निष्कर्ष काढतात, की मग खाजगी हातात द्या. हा प्रयोग बंगळुरात झालेला आहे. २००४ नंतर हेब्बाळ, नागवार, आगर, वेंगय्यनकेरे हे तलाव खाजगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देण्यात आले. काठाला कुंपण, प्रवेशाला शुल्क. मासेमार, गुराखी आणि गवत कापणाऱ्या बायका बाहेर. २००८ साली या धोरणाविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका झाली आणि २०१२ च्या निकालाने तलावांच्या खाजगीकरणाला लगाम बसला. ही लढाई प्रामुख्याने पर्यावरण गटांनी लढली. आपण तेथे किती होतो, हा प्रश्न मी येथे विचारून पुढे जाते.

खाजगी मातीच्या धरणाचा जगातील अनुभव काय सांगतो? अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन या पोलाद कामगारांच्या शहराच्या वरच्या अंगाला साउथ फोर्कचे मातीचे धरण होते. ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी-शिकार क्लबाने घेतले. कार्नेगी आणि फ्रिक हे त्याचे सभासद. पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच्याच मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसविले गेले नाहीत. बग्गी जाण्यासाठी बांधाचा माथा खाली आणला. आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत बांध गेला आणि २,२०९ माणसे मेली. क्लबाचा एकही सभासद न्यायालयात जबाबदार ठरला नाही. हे फार जुने म्हणाल तर केनियातील सोलाई येथे ९ मे २०१८ रोजी एका मोठ्या खाजगी मळ्यावरील मातीचे धरण फुटून किमान ४७ माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. ते पाणी मळ्याच्या सिंचनासाठी साठविले होते; बुडाली ती उतारावरची गोरगरिबांची घरे. त्या धरणाला 'पटेल धरण' म्हणत. मळेवाले मूळचे हिंदी. शोषकाला वंश नसतो, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो मुख्यतः १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटरपर्यंतची धरणे काही अटी पुऱ्या झाल्या तरच त्यात येतात. म्हणजे आपण आज ज्यांच्याविषयी बोलत आहोत ते जवळजवळ सगळे बांध त्याच्या जाळ्याच्या भोकांतून निसटतात. १९८६ साली एम. सी. मेहता खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी पूर्ण जबाबदारीचा सिद्धांत मांडला. तो बांधाच्या मालकाला लावून घेण्यासाठी कायदेशीर लढा कोणीतरी द्यावा लागेल.

आणि हा प्रश्न इतिहासातला नाही. खाजगी जलसाठ्यांचे नवे युग सुरू झालेले आहे. कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीने शेती न करणाऱ्यांनाही शेतजमीन विकत घेण्याची मोकळीक मिळाली. १९७४ साली कूळकायद्याने जे कमावले त्याची दुसऱ्या दारातून ही परतफेड आहे. शहराभोवती फार्महाउस उभे राहिले की त्यात तळे येतेच, आणि ओढा अडविला की खालच्या तलावाचा वाटा घटतोच. महाराष्ट्रात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजना निघाली. कोरडवाहू शेतकऱ्याला एक संरक्षित पाणी मिळावे ही कल्पना चांगली. परंतु द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यांत मातीच्या बांधाआड प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचे पाणी उपसून साठविले जाते. पावसाचे पाणी अडविण्याऐवजी सर्वांच्या पोटाखालचे पाणी एकाच्या तळ्यात आणून ठेवण्याची ही युक्ती. त्यासाठी अनुदान सार्वजनिक, पाणी सार्वजनिक, बांध खाजगी.

मग आपली मागणी काय असावी? येथे माझे मत आपल्यातील काही ज्येष्ठ कॉम्रेड्सच्या मताहून निराळे आहे, आणि ते चर्चेसाठीच मांडते. 'तलाव सरकारजमा करा' ही घोषणा १९५० साली बरोबर होती, आज अपुरी आहे. 'तलाव लोकांच्या ताब्यात द्या' ही घोषणा त्याहून गोड, पण तिच्यातील लोक कोण हे सांगितल्याशिवाय ती धोक्याची आहे. २००२ पासून जागतिक बँकेच्या कर्जाने कर्नाटकात तलाव वापरकर्त्यांचे संघ स्थापन करण्यात आले. वाट्याची वर्गणी भरावयाची ती ग्रामस्थांनी. जो पाण्याखाली जमीन धारण करतो त्याचा संघात आवाज मोठा. नीरगंटि पुन्हा दाराबाहेर. हे लोकशाहीकरण नव्हे, सरकारने झटकलेली जबाबदारी आहे.

याच्या उलट एक अनुभव आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. १९८२ च्या गिरणी संपात गावी परतलेले कामगार आणि खानापूर तालुक्यातील दुष्काळी शेतकरी यांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभारले. बलवडी व तांदुळवाडी या दोन गावांचे हे धरण. तो मातीचा बांध नव्हे आणि ती चळवळ आपल्या पक्षाची नव्हे, तरी ती अभ्यासण्यासारखी आहे. नदीची वाळू ठेकेदाराने न्यावयाची की गावाने विकून धरण बांधावयाचे, यावर लढा झाला. आणि पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला द्यावयाचे, हे तत्त्व तेथे मांडले गेले. पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून तोडणे, हा तो कळीचा मुद्दा. तो पुढे किती प्रमाणात टिकला, कोठे अडला, याचा अहवाल आपल्या शेतमजूर आघाडीने प्रत्यक्ष जाऊन करावा, असे मला वाटते.

तूर्त काही ठोस गोष्टी. विदर्भातील शाखांनी वाजिब-उल-अर्ज व निस्तारपत्रके तहसीलमधून मिळवून प्रत्येक मामा तलावाचे नोंदलेले हक्क काढावेत. मासेमारी संस्थांतील ढिवर बांधवांना सोबत घेतल्याखेरीज ते काम पुरे होणार नाही. बांधाची वार्षिक देखभाल रोजगार हमीच्या कामांत प्राधान्याने घ्यावी आणि बांधावर राबणाऱ्याला कायम स्वरूपाची मजुरी मिळावी, ही मागणी कर्नाटकातील आपल्या कॉम्रेड्सबरोबर संयुक्तपणे मांडावी. बंगळुरातील साथींसाठी काम थोडे निराळे आहे. येथे तलाव वाचवा म्हणून जेव्हा अतिक्रमणे हटविली जातात तेव्हा प्रथम झोपड्या जातात. २०१६ च्या व २०२२ च्या मोहिमांत मोठ्या बांधकाम व्यावसायिकांच्या इमारतींपाशी यंत्रे थबकल्याच्या तक्रारी झाल्या. तेव्हा तलाव वाचविण्याच्या समित्यांत आपण गेले पाहिजे, आणि बांधाखाली राहणाऱ्या मजुरांचे पुनर्वसन हा तेथील पहिला ठराव करून घेतला पाहिजे. सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या सकाळच्या फेरफटक्याच्या वाटा सुंदर करण्यासाठी आपली गरज नाही.

त्याबरोबर एक साधे काम. आपल्यापैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या तलावाच्या खालच्या अंगाला राहतात, मीही राहते. पावसाळ्यापूर्वी आपल्या बांधाच्या पायथ्याशी जाऊन या. कोडि कुठे आहे आणि तिच्या वाटेत काय उभे आहे ते पाहा, तूबु सापडतो का पाहा, पाझराचे पाणी स्वच्छ आहे की गढूळ ते पाहा आणि तारखेनिशी वहीत लिहा. शाखेच्या पुढील बैठकीत या नोंदी एकत्र करू. त्या परिसरात जुना नीरगंटि वा त्याच्या कुटुंबातील कोणी हयात असेल तर त्यालाही बोलवा. कन्नडमधून मराठीत मी सांगेन.

आता आपले प्रश्न घेते.